कागद रंगवणं एवढंच नाही ते

‘एआय गव्हर्नन्स म्हणजे कागद रंगवणं, खऱ्या सिक्युरिटीवाल्याने त्यात पडू नये’ हे मत मला अर्धंच पटलं. कागद रंगवणारे आहेतच, ते आयएसओ २७००१ च्या (माहिती सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक) ऑडिटमध्येही भेटतात. पण युरोपियन युनियनच्या एआय कायद्याचं कलम १५ एकदा वाचाच. जास्त जोखमीच्या प्रणालींना त्यात सायबर सुरक्षा सक्तीची आहे. प्रशिक्षणाच्या डेटात भेसळ करणं, मॉडेलला फसवणारे इनपुट देणं हे हल्ले तिथे नावानिशी आलेत. आता हे काय वकील तपासणार?

२०२३ मध्ये सॅमसंगच्या इंजिनिअरांनी कंपनीचा गोपनीय सोर्स कोड चॅटजीपीटीत टाकला. ना हॅकर, ना मालवेअर. कुठला डेटा कुठल्या टूलला द्यायचा हे ठरवणं आणि ते पाळलं जातंय का हे बघणं, एवढंच तर गव्हर्नन्स आहे.

ज्यांनी रिस्क रजिस्टर (जोखमींची नोंदवही), व्हेंडर तपासणी केलीय त्यांना हे जड नाही. डिसेंबर २०२३ मध्ये आलेल्या आयएसओ ४२००१ या एआय व्यवस्थापनाच्या मानकाचा सांगाडा २७००१ सारखाच आहे, आणि निस्टची (अमेरिकेची मानकं ठरवणारी सरकारी संस्था) एआय जोखीम चौकट तर फुकट वाचायला मिळते.

फ्रेशर असाल तर मात्र नुसत्या सर्टिफिकेटच्या मागे लागू नका (क्लासवाले लावतीलच). आधी नेटवर्क, लॉग, अ‍ॅक्सेस कंट्रोल. मग स्वतःच एक छोटा चॅटबॉट बनवा आणि प्रॉम्प्ट इंजेक्शनने (म्हणजे चलाख मजकूर देऊन त्याला नेमून दिलेले नियम मोडायला लावून) तो फोडून बघा. मुलाखतीत सांगायला काहीतरी हाताशी राहील.