‘स्ट्रेस’ला ताण, तणाव की दडपण?

प्रश्न : रुग्णालयातल्या परिचारिकांचा स्ट्रेस मोजायची प्रश्नावली मराठीत करते आहे. सोबत लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाशी जोडलं जाणारं हार्मोनही तपासणार आहोत. ‘स्ट्रेस’ला नेमकं काय लिहू? आणि ‘स्ट्रेस हार्मोन’ला?

उत्तर : ‘ताण’ लिहा. ‘तणाव’ म्हटलं की सीमेवरचा किंवा दोन गटांतला आठवतो. दडपण कशाचं तरी असतं, परीक्षेचं, मेट्रनच्या राउंडचं. मात्र ‘कामाचा ताण’ म्हणजे अंगावर पडलेलं काम आणि ‘ताण आला’ म्हणजे त्याचा मनावरचा परिणाम, दोन्हीकडे शब्द एकच. ताणावरच्या संशोधनाचा पाया घालणारे हान्स सेल्ये यांनाही हा घोळ निस्तरायला कारणासाठी ‘स्ट्रेसर’ हा वेगळा शब्द आणावा लागला. तुम्ही कारणाला ‘कामाचा भार’ म्हणा.

उत्तर : मानसशास्त्रज्ञ शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांची ताण मोजायची १९८३ ची प्रश्नावली (‘पर्सीव्ह्ड स्ट्रेस स्केल’) घेणार असाल, तर तिच्या १० प्रश्नांच्या आवृत्तीत ‘स्ट्रेस’ एकाच प्रश्नात येतो. बाकीचे प्रश्न गेल्या महिन्याभरात गोष्टी हाताबाहेर गेल्यासारखं किती वेळा वाटलं, अशा धर्तीचे आहेत. म्हणून अहवालात ‘जाणवलेला ताण’ म्हणावं. त्या एका प्रश्नात ‘ताण’च्या जोडीला ‘टेन्शन’ही घाला, वॉर्डात सिस्टर ‘टेन्शन आलंय’ असंच म्हणतात.

प्रश्नकर्ती : आभार. लाळेच्या सूचनापत्रात ‘सकाळचा नमुना’ लिहिलंय, चालेल ना?

उत्तर : नाही ताई, तिथंच घात होईल. कॉर्टिसॉल जाग आल्यावर साधारण अर्ध्या-पाऊण तासात सर्वांत वर जातं. रात्री झोपणाऱ्या माणसात मध्यरात्रीच्या सुमारास ते तळाला असतं. नाइट संपवून सकाळी ८ ला घरी निघालेली सिस्टर तर अजून झोपलेलीच नाही! ‘झोपेतून उठल्याबरोबर, आणि त्यानंतर ३० मिनिटांनी, चहा घेण्याआधी, दात घासण्याआधी’ असं स्पष्ट लिहा. उठल्याची वेळ आणि आदली ड्युटी भरायला रकाना ठेवा.

‘स्ट्रेस हार्मोन’साठी ‘ताण-संप्रेरक’ (संप्रेरक म्हणजे हार्मोन) मात्र संमतीपत्रात नको. कॉर्टिसॉल व्यायामानं वाढतं, आजारपणात वाढतं, आणि प्रश्नावलीच्या गुणांशी ते बऱ्याचदा जुळत नाही. हे नाव वाचून सिस्टरना वाटेल, की लाळेचा आकडा ठीक आला म्हणजे आपल्याला ताण नाहीच. जी रोज पिचून घरी जाते, तिच्यावर हा अन्याय आहे. ‘कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन’ एवढंच लिहा. ‘संप्रेरक’ अहवालात वापरा.