नोकरी सांभाळून ऑनलाइन बीएस्सी नर्सिंग: तुमचे अनुभव

डिप्लोमावर नोकरीला लागलेल्या आणि आता ड्यूटी करत करत ऑनलाइन पदवी करणाऱ्या, करून मोकळ्या झालेल्या किंवा मध्येच थांबलेल्या सगळ्या सिस्टर-ब्रदरांसाठी हा धागा. डिप्लोमानंतरच्या या पदवीला कुठे पोस्ट बेसिक म्हणतात, कुठे आरएन-टू-बीएसएन. नाव काहीही असो, प्रश्न तेच: पाळ्या सांभाळून अभ्यास कधी करायचा, प्रात्यक्षिकाचं काय, आणि एवढं करून हातात काय येतं? माहितीपत्रकात न मिळणारं इथे लिहा. विभाग सांगितलात तरी पुरे, नाव नको.

सुरुवात मी करते. मी मेडिकल वॉर्डात आहे. प्रवेश घेताना वाटलं होतं की डिप्लोमाला शिकलेलंच पुन्हा मोठ्या पुस्तकातून शिकायचं आहे. तसं नसतं. रजिस्ट्रेशन आणि आधीचं शिक्षण धरून बेड बाथ, इंजेक्शन, ड्रेसिंग हे सगळं येतं असं गृहीत धरतात. उरतं ते संशोधन, संख्याशास्त्र, सामाजिक आरोग्य, नेतृत्व, नीतिशास्त्र आणि पॅथोफिजिऑलॉजी (आजारात शरीरात काय बिघडतं ते). थोडक्यात, हाताला जे येतं ते का करायचं, याचा अभ्यास. मला तो फार आवडला. आता तुम्ही लिहा.

अतिदक्षता विभाग

नाईटबद्दल लिहिते, कारण नव्या मुली हेच आधी विचारतात. नाईट उतरल्यावर अभ्यासाला बसू नका. डोळे ओळींवरून फिरतात, आत काही जात नाही. शिवाय त्या झोपेची भरपाई पुढच्या रात्री पेशंटच्या उशाशी बसून करता येत नाही. मी सत्राचं वेळापत्रक हातात आलं की रोस्टरशेजारी ठेवायचे आणि मोठ्या असाइनमेंटच्या आठवड्यात नाईट येत असेल तर इन्चार्ज सिस्टरांना आधीच सांगायचे. रोस्टर लागल्यावर बदल मागितला की कुणाची तरी सुट्टी जाते आणि मनं दुखावतात. आधी मागितलं तर बहुतेक वेळा जमतं. रेकॉर्ड केलेली लेक्चर्स ऑफच्या दिवशी सकाळी, ताज्या डोक्याने. लेखी काम दुपारच्या पाळीला जाण्याआधी. घरच्यांनाही मी वेळ ठरवूनच सांगितली होती. "जमेल तेव्हा वाचेन" म्हटलं की ते कधीच जमत नाही.

सर्जिकल वॉर्ड

माझा अनुभव जरा लांब आहे, सांभाळून घ्या.

संशोधनाच्या पेपरात पिको पद्धतीने प्रश्न मांडायला शिकवतात: कोणता रुग्णगट, कोणता उपाय, कशाशी तुलना आणि कोणता परिणाम. प्रश्न स्वतःच्या वॉर्डातून उचलायचा होता. त्या आठवड्यात संध्याकाळच्या राउंडला मी मुद्दाम प्रत्येक युरोबॅगवरची, म्हणजे लघवी साठणाऱ्या पिशवीवरची, चिकटपट्टी वाचत गेले. काहींवर कॅथेटर (लघवीची नळी) घातल्याची तारीख होती, काहींवर नुसता बेड नंबर, एका पट्टीवरची शाई पुसून गेलेली. एक आजोबा ऑपरेशननंतर स्वतः चालत बाथरूमला जात होते, हातात बॅग धरून. मी फाइल उघडली. कॅथेटर कशासाठी ठेवलंय, याची कुठेही नोंद नव्हती. कुणी ठेवा म्हटलं नव्हतं, काढा असंही म्हटलं नव्हतं.

मग वाचायला बसले. कॅथेटर जितके दिवस आत, तितका लघवीत जंतू होण्याचा धोका दर दिवशी साधारण 3 ते 7 टक्क्यांनी वाढत जातो. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने 2009 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय की योग्य कारण असेल तरच कॅथेटर घाला आणि गरज संपली की लगेच काढा. हे मला ऐकून माहीत होतं. पण ऐकून माहीत असणं वेगळं आणि सर्जनसमोर कागद ठेवून बोलणं वेगळं. मी प्रस्ताव अगदी साधा ठेवला: प्रत्येक हँडओव्हरमध्ये, म्हणजे पाळी बदलताना पेशंटची माहिती देताना, एक प्रश्न वाढवायचा, "आज हे कॅथेटर कशासाठी आहे?" उत्तर देता आलं नाही तर राउंडला डॉक्टरांना विचारायचं.

सुरुवातीला काही सहकाऱ्यांना ते ओझं वाटलं, आणि ते साहजिकच होतं. हँडओव्हर आधीच लांबलेला असतो, घरी जायची घाई असते. पण प्रश्न एका ओळीचा होता म्हणून टिकला. आमच्या एका सर्जननी तर राउंडला स्वतःच विचारायला सुरुवात केली. ऑनलाइन कोर्सबद्दल कुणी "घरबसल्या डिग्री" म्हणालं की मला तो वॉर्ड आठवतो. शिक्षण स्क्रीनवर झालं, पण त्याचा उपयोग आजोबांना झाला.

कॅज्युअल्टी (ब्रदर)

संख्याशास्त्राला घाबरून माझ्या ओळखीच्या कितीतरी जणांनी प्रवेशच घेतला नाही. त्यांना माझं एकच सांगणं आहे: तुम्ही रोज बीपी वाढवणाऱ्या नॉरॲड्रेनलिनचा ड्रिप मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट या हिशेबाने लावता. वजन, सिरिंजमधलं प्रमाण, पंपाचा वेग, सगळं डोक्यात धरून, समोर बीपी पडत असताना. ज्याला हे जमतं त्याला सरासरी आणि प्रमाण विचलन नक्की जमतं. अडतं ते आकडेमोडीत नाही, निष्कर्षाचा अर्थ लावण्यात. पी व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही निदान एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) 0.05 पेक्षा कमी आली म्हणजे उपाय पेशंटला उपयोगी ठरला असं नाही. फरक किती मोठा आहे आणि कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा आकडा ज्या पट्ट्यात असावा तो) किती रुंद आहे तेही बघावं लागतं. मी हा एक मुद्दा नीट समजेपर्यंत पुढच्या धड्याला हात लावला नाही.

आणि हा विषय आपला नाही असं कुणी म्हणू नका. फ्लॉरेन्स नाइटिंगेल 1858 मध्ये लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीवर निवडून आल्या, तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. क्रिमियन युद्धात सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या आजारांनी जास्त मेले, हे त्यांनी आकृती काढून सरकारला दाखवलं. आपल्या व्यवसायाचा पायाच मोजणीवर घातलेला आहे.

मेडिकल वॉर्ड (धागाकर्ती)

ब्रदर, हे वाचून मीच नव्याने अभ्यासाला बसावं असं वाटतंय. मान्यतेबद्दलही कुणी लिहा ना, व्यक्तिगत संदेशात तोच प्रश्न सारखा येतोय.

डायलिसिस युनिट

मी लिहिते, कारण हे मी भोगलंय. माझ्या डिप्लोमाच्या काही विषयांचे गुण नव्या कॉलेजने धरले नाहीत. कारण काय, तर त्या वर्षीच्या अभ्यासक्रमाची सही-शिक्क्याची प्रत माझ्या जुन्या संस्थेकडे सापडेना. पत्रं पाठवली, चकरा मारल्या, शेवटी ते विषय परत केले. तेव्हा अजून नोकरीला नवे असाल तर आत्ताच ट्रान्सक्रिप्ट (विषयवार गुणांचा दाखला) आणि अभ्यासक्रमाची प्रत काढून ठेवा. थिअरीचे आणि प्रात्यक्षिकाचे तास वेगवेगळे लिहिलेले असले पाहिजेत, परदेशी कौन्सिलं नेमके तेच मागतात.

फी भरण्याआधी तीन ठिकाणी विचारायचं. तुमच्या नर्सिंग कौन्सिलला: ही पदवी नोंदवून घ्याल का? तुमच्या हॉस्पिटलला: बढतीसाठी धराल का? आणि पुढे एमएस्सी करायचं असेल तर त्या विद्यापीठाला. उत्तर लेखी घ्या, ईमेल चालेल. अमेरिकेतलं कॉलेज असेल तर सीसीएनई किंवा एसीईएन या नर्सिंग शिक्षणाला मान्यता देणाऱ्या संस्थांची मान्यता आहे का ते त्या संस्थांच्या यादीत स्वतः बघा, कॉलेजच्या पानावरचं चिन्ह बघून समाधान मानू नका. एका देशात चालणारी ऑनलाइन पदवी दुसऱ्या देशाचं कौन्सिल मान्य करेलच असं नाही.

आणखी एक. ज्यांचं नर्सिंगचं काहीच शिक्षण झालेलं नाही त्यांनी "पूर्ण ऑनलाइन नर्सिंग" अशा जाहिरातीपासून लांब राहावं. सुई टोचायला स्क्रीनवर शिकता येत नाही. हा मार्ग आधीच रजिस्टर्ड असलेल्यांसाठीच आहे.

वॉर्ड इन्चार्ज

हॉस्पिटलं पदवीचा आग्रह का धरतात, तेही इथे यायला हवं. नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या 168 हॉस्पिटलांचा अभ्यास छापला. पदवीधर परिचारिकांचं प्रमाण 10 टक्क्यांनी जास्त असेल तिथे शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा 30 दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे 5 टक्क्यांनी कमी दिसली. 2014 मध्ये युरोपातल्या 9 देशांच्या अभ्यासात हाच आकडा 7 टक्के आला. मधे 2010 मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2020 पर्यंत 80 टक्के नर्स पदवीधर असाव्यात असं सुचवलं, आणि न्यूयॉर्क राज्याने 2017 मध्ये कायदाच केला की नव्या नर्सने लायसन्स मिळाल्यापासून 10 वर्षांत पदवी घ्यावी. मी माझ्या मुलींना पदवीसाठी सोडते, रोस्टर हलवते, ते याच कारणाने.

प्रसूती विभाग

ताई, तुमचं म्हणणं पटतं, तरी एक बोलते. त्या 2003 च्या अभ्यासात नोकरीच्या वर्षांचा मृत्युदराशी संबंध दिसला नाही, असंही लिहिलंय. ते वाचून मला फार लागलं. मी डिप्लोमावर उभी हयात काढली आहे. बाळंतिणीच्या चेहऱ्याचा रंग बघून रक्तस्राव ओळखलाय, मॉनिटर बोलायच्या आधी. हे आकडे संपूर्ण हॉस्पिटलांचे आहेत, एकेका सिस्टरचे नाहीत, आणि संबंध दिसला म्हणजे कारण सापडलं असंही नाही. एवढं कळायला मला पदवीचाच अभ्यास उपयोगी पडला, हे मान्य करते. पण डिप्लोमावाल्या सिस्टरला राउंडला गप्प बसवायला कुणी हे आकडे वापरू नयेत.

वॉर्ड इन्चार्ज

शंभर टक्के सहमत. तुमच्यासारखी सिस्टर शेजारी असली की नव्या पदवीधर मुलीही निर्धास्त काम करतात.

होम केअर

ऑनलाइन म्हटलं तरी सामाजिक आरोग्याचं प्रात्यक्षिक असतंच, आणि बहुतेक ठिकाणी प्रिसेप्टर (प्रात्यक्षिकात देखरेख करणारी अनुभवी नर्स) आपला आपण शोधायचा असतो. कॉलेज आणि केंद्र यांच्यातला करार, लसीकरणाचे दाखले, यात वेळ फार जातो. सत्र सुरू व्हायच्या बरंच आधी मागे लागा.

माझ्या गृहभेटींतली एक सांगते. रक्तदाबाचे एक काका, सतत चक्कर, पायावर सूज. गोळ्यांचा डबा टेबलावर ओतायला सांगितला. एक पांढरी गोळी, एक गुलाबी, दोन वेगळ्या कंपन्यांची नावं, आणि दोन्हीत अ‍ॅम्लोडिपिनच. एक हॉस्पिटलातून सुटताना मिळालेली, दुसरी आधीपासून चालू. काका दोन्ही नेमाने घेत होते. डॉक्टरांना लगेच फोन केला. त्यानंतर मी जेव्हा जेव्हा डिस्चार्जचं समजावते तेव्हा घरातल्या जुन्या स्ट्रिप आणायला लावते आणि ब्रँडच्या नावाखालचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव पेशंटकडून वाचून घेते.

बालरोग विभाग

मी मध्येच थांबले आहे. वडिलांचं आजारपण, ड्यूटी आणि असाइनमेंट तिन्ही झेपेना. कॉलेजकडून रीतसर खंड मागून घेतला, नुसतं गायब झाले नाही, म्हणून आधीची क्रेडिट शाबूत आहेत. थांबावं लागलं तर हे जरूर करा आणि कोर्स पुरा करायची कमाल मुदत किती ते विचारून घ्या. मी परत सुरू करणार आहे.

ऑर्थो वॉर्ड

माझं पहिलं सत्र आता सुरू होतंय. धागा दोनदा वाचला. लिहिण्याची भीती वाटते, नर्सिंग नोट्सपलीकडे काही लिहिलेलंच नाही. सुरुवात कुठून करू?

सर्जिकल वॉर्ड

अगं, नर्सिंग नोट्स लिहितेस म्हणजे पाहिलेलं नेमकं लिहायची सवय आहेच, तीच कामाला येते. लॉगिन मिळालं की पहिल्याच आठवड्यात ग्रंथपालांची ऑनलाइन वेळ घे आणि पबमेड, सिनाल या लेखांच्या ऑनलाइन सूचींत कसं शोधायचं ते त्यांच्याकडून बघून घे. संदर्भ द्यायची एपीए पद्धत पाठ करू नकोस, नमुना समोर ठेवून कर. लेख वाचतानाच संदर्भ उतरवून ठेव, शेवटच्या रात्री ते शोधायला लागलीस तर असाइनमेंटपेक्षा जास्त वेळ त्यातच जाईल. आणि पहिला विषय तुझ्या वॉर्डातलाच घे. ट्रॅक्शनवरच्या पेशंटच्या टाचा रोज बघतेस ना, प्रेशर सोअरवर (पडून राहिल्याने दाबामुळे होणाऱ्या जखमा) भरपूर लेखन आहे. या जखमांचा धोका मोजणाऱ्या ब्रेडन स्केलपासून सुरू कर. मसुदा झाला की इथे सांग, मी वाचून देते.