सातबाऱ्यावरचा आर आणि गुंठा एकच का?

प्रश्न: जमीन घेतोय, भाव गुंठ्यावर ठरलाय. सातबाऱ्यावर लागवडीयोग्य क्षेत्र 0.79.00, पोटखराबा (लागवडीला न येणारी जागा) वर्ग (अ) 0.03.00, एकूण 0.82.00 हे.आर.चौ.मी. (हेक्टर, आर, चौरस मीटर). विकणारे म्हणतात, आर म्हणजेच गुंठा, 82 गुंठ्यांचे पैसे द्या. बरोबर आहे का?

उत्तर 1: नाही. आर म्हणजे 10 मीटर × 10 मीटर, 100 चौरस मीटर. गुंठा म्हणजे 33 फूट × 33 फूट, 1089 चौरस फूट, म्हणजे 101.17 चौरस मीटर. गुंठा किंचित मोठा. 82 आर म्हणजे 8200 चौरस मीटर, त्याला 101.17 ने भागा: 81.05 गुंठे, म्हणजे 2 एकर 1 गुंठा. 82 गुंठ्यांचे पैसे दिलेत तर हजार चौरस फुटांहून जास्त जागेचे पैसे फुकट जातील. एखाद्या गुंठ्यात हा फरक जाणवत नाही, पण एकरी हिशेबात डोळ्यांवर येतो. एकर 40.47 आरांचा असतो, 40 चा नव्हे.

उत्तर 2: आकडे वाचतानाही जपा. पहिल्या टिंबाआधी हेक्टर, मधे आर, शेवटी चौरस मीटर. 0.05.00 म्हणजे पाच आर. तेच कुणी 0.5 हेक्टर असं लिहिलं तर ते 50 आर, जवळपास सव्वा एकर! खरेदीखताच्या मसुद्यात मधलं शून्य गळालंय का, हे आधी बघा. दोन गटांची बेरीज करताना 100 आर झाले की हेक्टर वाढवायचा. एकर-गुंठ्यांच्या सवयीने 40 ला हातचा घेतला की सगळा हिशेब बिघडतो. बिनशेती सातबाऱ्यावर तर हेक्टरचा रकानाच नसतो, फक्त आर.चौ.मी. असतं.

उत्तर 3: माझ्या मते भावाआधी पोटखराब्याचं बोला. 79 आर म्हणजे 78.09 गुंठे, उरलेले तीनेक गुंठे पोटखराबा. वर्ग (अ) म्हणजे शेतीला अयोग्य ठरलेली जागा. शेतघर, खळंही त्यातच धरतात. ती मालकीचीच असते, पण पिकाऊ जमिनीचा भाव तिला का द्यायचा? वर्ग (ब) असता तर जास्त सावध राहावं लागलं असतं, कारण त्यात रस्ता, पायवाट किंवा इतरांच्या वापरातला ओढा असू शकतो.

आणि सातबारा म्हणजे मोजणी नव्हे. भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज करा, हद्दी कायम करून घ्या. खतात क्षेत्र हेक्टर-आरमध्येच लिहा, गुंठे फक्त बोलण्यापुरते ठेवा.