'स्क्रिप्ट' टॅग गाळून भागत नाही
वेबसाइटच्या फॉर्ममधून कुणी पानात घातक कोड घुसवू नये म्हणून काही जण सुचवतात की भरलेल्या मजकुरातून 'स्क्रिप्ट' टॅग (पानात कोड घालणारी खूण) उडवला की झालं. नाही हो, मुळीच नाही. इमेज टॅगला खोटा पत्ता द्या आणि पुढे 'ऑनएरर' (चूक झाली तर कोणता कोड चालवायचा ते सांगणारा भाग) जोडा. चित्र सापडत नाही आणि ब्राउझर तिथलं जावास्क्रिप्ट मुकाट्याने चालवतो.

आमच्या इंदूरच्या एका मंडळाच्या वधू-वर नोंदणीत हेच होतं. 'अपेक्षा' या रकान्यात लिहिलेलं जसंच्या तसं व्यवस्थापकाच्या पानावर उमटायचं. कोड भरणारा कुणीही, चालणार मात्र व्यवस्थापकाच्या लॉगिनवर! आणि तिथे मुलामुलींचे फोन, पगार, पत्ते सगळं उघडं. कृपा करून याला किरकोळ समजू नका. २००५ साली मायस्पेस या सोशल नेटवर्कवर सॅमी वर्मने (आपोआप पसरणाऱ्या कोडने) याच वाटेने एका दिवसाच्या आत १० लाखांवर प्रोफाइल गाठले होते.

मजकूर पानावर दाखवताना एस्केप करा, म्हणजे खास चिन्हं कोड न ठरता अक्षरं म्हणूनच दिसतील अशी बदला, आणि जागा बघून करा. साध्या मजकुरात '<' हे चिन्ह '<' असं लिहून नुसतं अक्षर म्हणून गेलं पाहिजे, अ‍ॅट्रिब्यूटमध्ये (टॅगच्या आत लिहिलेल्या गुणधर्मात) अवतरणचिन्हंसुद्धा. सेशन कुकीला (लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या नोंदीला) एचटीटीपी-ओन्ली ही खूण लावाच, पण त्याने स्क्रिप्टला कुकी वाचता येत नाही, एवढंच. पानात शिरलेला कोड व्यवस्थापकाच्या नावाने फॉर्म तरीही पाठवू शकतो.