लघुमूर्ती रंगवताना बारकावे बुजतात. रंग नेमका किती पातळ करावा?

प्रश्न

टेबलावर मांडून खेळायच्या खेळांतील २८ मिलिमीटर मापाच्या प्लास्टिकच्या मूर्ती मी नुकत्याच रंगवू लागलो आहे. आतापर्यंत पाच सैनिक रंगवून झाले, पण पाचांचीही गत एकच आहे. बाटलीतला ॲक्रिलिक रंग जसाच्या तसा लावला की चिलखताच्या कड्या आणि चेहऱ्याची ठेवण थराखाली बुजून जाते. पाणी घालून तो पातळ केला, तर ब्रश टेकवताच रंग ओघळतो आणि शेजारच्या खाचेत जाऊन साचतो. मूर्तींवर प्रायमर आधी फवारलेला होता आणि ब्रशही अगदी बारीक, म्हणजे तीन शून्यांचा आहे. माझे कुठे चुकते आहे, आणि या पाच मूर्ती वाचवता येतील का?

उत्तर १

रंग पातळ करण्यात आपली चूक नाही. ब्रशमध्ये तो फार भरला जातो, एवढेच. रंगात टोक बुडवल्यावर ब्रश आडवा धरून घडी घातलेल्या टिश्यूवर एकदा हलकेच फिरवावा, म्हणजे जादा पाणी निघून जाते आणि टोकही जुळून येते. मग अंगठ्याच्या नखावर एक रेघ ओढून पाहावी: ती ओढली तेथेच राहिली, कडेला पसरली नाही, तर मूर्तीला हात लावावा. दोन थेंब रंगाला एक थेंब पाणी हे प्रमाण सुरुवातीला धरावे, मात्र प्रत्येक रंगाचा दाटपणा वेगळा असल्याने अखेरचा निर्णय नखावरच्या रेघेनेच करावा.

पहिला थर डागाळलेला दिसतो आणि तेथेच नवख्या माणसाचा धीर सुटतो. अर्धवट वाळलेल्या रंगावर पुन्हा ब्रश फिरवला की खालची साय ओढली जाऊन खरबरीत पट्टे पडतात, म्हणून थर पूर्ण वाळू द्यावा आणि मगच दुसरा द्यावा. पिवळा आणि पांढरा हे रंग मुळात कमी झाकणारे असल्याने त्यांना तीन-चार थरही लागतात.

उत्तर २

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु तीन शून्यांचा ब्रश आधी बाजूला ठेवावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. त्यात रंग इतका थोडा मावतो की मूर्तीपर्यंत पोहोचेतो टोकावरच वाळू लागतो. चांगले टोक असलेला एक नंबरचा ब्रश घेतला, तर अंगरख्यापासून डोळ्यांपर्यंत बहुतेक काम त्यानेच होते. फक्त रंग धातूच्या पट्टीपर्यंत चढू देऊ नये, कारण तेथे वाळलेला रंग केस फाकवतो.

मूर्ती बाटलीच्या झाकणावर चिकटवून झाकण धरावे आणि दोन्ही मनगटे एकमेकांना टेकवावीत, म्हणजे हात थरथरला तरी दोन्ही मिळून हलतात आणि रेघ बिघडत नाही.

प्रश्नकर्ता

टिश्यूचा उपाय आजच करून पाहिला आणि कमरेचा पट्टा प्रथमच कडा न ओलांडता रंगवता आला. आपले मनापासून आभार. चिलखताच्या कड्या मात्र अजून साधत नाहीत.

उत्तर ३

कड्या एकेक करून रंगवूच नयेत. तो भाग काळा करून वाळू द्यावा, जुन्या, रुंद ब्रशला चंदेरी रंग लावून तो टिश्यूवर जवळजवळ पूर्ण पुसून टाकावा आणि उरलेल्या रंगाने कड्यांवरून झरझर हात फिरवावा. उंचवटे चमकतात, खाचा काळ्याच राहतात. त्यावर गडद वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा अगदी पातळ रंग, दिला तर खोली आणखी वाढते; तो कुठे तळे करून साचलाच, तर स्वच्छ, ओलसर ब्रशच्या टोकाने लगेच टिपून घ्यावा.

पाच मूर्तींपैकी चार आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून जुन्या टूथब्रशने घासल्यास रंग सुटतो. हातमोजे घालावेत, खिडकी उघडी आणि ज्योत दूर ठेवावी, आणि मूर्ती रेझिनची असेल तर आधी लहानशा तुकड्यावर परीक्षा घ्यावी. पाचवी मात्र आहे तशीच ठेवावी, म्हणजे विसावी मूर्ती तिच्या शेजारी ठेवून पाहता येईल.