मदत हवी आहे: अमळनेरचं जुनं घर, दुरुस्तीचं कोटेशन 8 लाख 54 हजार. बरोबर आहे का?

नमस्कार मंडळी. अमळनेरला आईवडिलांचं घर आहे, मी नाशिकला असते. घर 1991 चं, फक्त तळमजला. बाहेरून 24 बाय 30, नऊ इंची भिंती, वर स्लॅब. पावसाळ्यात मधल्या खोलीत थेंब पडतात, बाथरूमच्या छताचे पोपडे निघून सळई दिसायला लागलीय. शहाबादी फरशी मधेमधे खचलीय आणि वायरिंग अजून लाकडी पट्टीवरचं आहे.

ठेकेदार वडिलांच्या जुन्या ओळखीतले. त्यांनी दिलेला कागद जसाच्या तसा:

आतला जुना गिलावा काढून नवीन: 2,600 चौ. फूट × 55 = 1,43,000
2 बाय 2 टाइल, बसवण्यासह: 750 × 120 = 90,000
गच्चीला कोबा: 720 × 110 = 79,200
स्लॅब दुरुस्ती: लमसम 60,000
संडास-बाथरूम: लमसम 1,40,000
ग्रॅनाइटचा ओटा: 45,000
वायरिंग: लमसम 85,000
रंग आतून-बाहेरून: 3,400 × 24 = 81,600
बेरीज 7,23,800, वर 18 टक्के जीएसटी, एकूण 8,54,084. निम्मे पैसे आधी.

भाच्याने टेप लावून मापं पाठवलीत. हॉल 14 बाय 11, बेडरूम 12 बाय 11, स्वयंपाकघर 11 बाय 10, मधली खोली 10 बाय 9, उंची 10 फूट. बाकी बोळ, संडास, बाथरूम.

वडील म्हणतात, "बेटा, घरचा माणूस आहे, त्याला पै-पै विचारायची नसते." मला नुसतं एवढं सांगा, हा आकडा जास्त आहे का?

प्रतिसाद (सिव्हिल इंजिनीअर, धुळे)

ताई, एकूण आकड्यावरून काहीच सांगता येत नाही. तुम्ही मापं दिलीत म्हणून बोलता येतंय.

चार खोल्यांचा घेर 50, 46, 42 आणि 38, म्हणजे 176 फूट. उंची 10, म्हणून भिंती 1,760. बोळाचे साधारण 150 धरा, दारं-खिडक्या वजा करा, 1,750 च्या आसपास येतं. कागदावर 2,600 आहेत. खोल्यांचं छत धरलं असेल तर त्याचे 486 होतात, तरीही साडेतीनशे फूट कुठून आले ते कळत नाही. आणि छताचा गिलावा इथे धरला असेल, तर "स्लॅब दुरुस्ती लमसम", म्हणजे ठोक रकमेत, तो पुन्हा धरलाय का, हे आधी विचारा.

फरशीचंही तसंच. खोल्या आणि बोळ मिळून सव्वापाचशे, तूट आणि स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची पट्टी) धरून सहाशेच्या थोडं वर. 750 मध्ये बहुतेक भिंतींखालची जागाही मोजलीय. रंगाचं माप मात्र अगदी बरोबर जुळतं: आतून सव्वादोन हजार, बाहेरून 108 फूट घेर गुणिले 10. म्हणजे माप घेता येत नाही असं नाही!

दरांचं म्हणाल तर 55 आणि 24 ऐकून मी दचकलो नाही. पण दरासोबत वर्णन नसेल तर दराला अर्थ नाही. गिलावा किती जाडीचा, सिमेंट-रेतीचं प्रमाण किती, रेती नदीची की दगड फोडून केलेली क्रश सँड? आपल्याकडे रेतीचा भाव रेतीघाटांच्या लिलावावर हलतो, त्यामुळे हे कागदावर नसलं की मधेच "रेती महाग झाली" ऐकावं लागतं. ताडून बघायला सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची आहे. तिच्यातला दर तसाच्या तसा लागू होणार नाही, पण कामाचं वर्णन कसं लिहायचं ते तिथून उचला.

प्रतिसाद (भुसावळ)

वरच्यांनी मापं बरोबर पकडली. मला काळजी स्लॅबची वाटते. साठ हजारांत नक्की काय करणार? गंजलेली सळई असेल तर आधी हातोडीने सगळं छत ठोकून बघतात. पोकळ आवाज येईल तेवढं काँक्रीट काढायचं, सळई ब्रशने घासायची, गंजरोधक कोट द्यायचा, मग पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा मसाला). सळई फारच झिजली असेल तर जोड सळई. यातलं काहीही न करता वरून साधा गिलावा थापला, तर दोन-तीन वर्षांत पुन्हा पोपडे पडतात. आमच्या गल्लीत असे दोन स्लॅब आहेत.

दुसरी गोष्ट, गच्चीवर आधीचा कोबा (पाणी अडवणारा जाड थर) आहे का? असेल तर तो काढणार की त्याच्याच वर नवीन टाकणार? हिशेब करा: 720 फुटांवर चार इंच कोबा म्हणजे 240 घनफूट, 2.4 ब्रास (100 घनफुटांचा एक). त्याचं वजन बारा-तेरा टन होतं. तीस वर्षांच्या, सळई गंजलेल्या स्लॅबवर दोन कोबे नकोत. कोबा काढायचा असेल तर मलबा खाली उतरवून ट्रॅक्टरने नेणं कोणाकडे, तेही कागदात नाही. गिलाव्याच्या मलब्याचंही नाही.

क्रमही लिहून घ्या: आधी स्लॅब खालून-वरून दुरुस्त, मग गच्ची, गच्चीवर दोन दिवस पाणी साठवून तपासणी, वायरिंगच्या झिऱ्या (भिंतीतल्या खाचा), गिलावा, फरशी, शेवटी रंग. आणि उन्हाळ्यात नवीन गिलावा करू नका. आपल्या चैत्र-वैशाखात सात दिवस भिंत ओली ठेवायला पाणी लागतं, आणि नळाला पाणी कधी येतं ते तुम्हाला माहीत आहे. टँकर कोणी आणायचा, हेही ठरवून ठेवा. दिवाळीनंतर सुरू करा.

प्रतिसाद (टाइल्सचं दुकान, जळगाव)

120 मध्ये टाइलचा मूळ भाव किती धरलाय तो वेगळा लिहून मागा. आम्हाला गिऱ्हाईक येतं, म्हणतं "ठेकेदाराने 40 ची धरली होती, मला 65 ची आवडली", आणि तिथेच भांडण. संडास-बाथरूमचंही तेच. डॅडो (भिंतीवरच्या टाइल) किती फुटांपर्यंत, पाइप सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणारे प्लास्टिक) का, कमोड आणि नळ कोणत्या कंपनीचे?

आणि हो, जीएसटी. ते नोंदणीकृत आहेत का? नंबर 15 अंकी-अक्षरी असतो, महाराष्ट्राचा 27 ने सुरू होतो, पोर्टलवर टाकला की नाव दिसतं. नोंदणी नसेल तर जीएसटी लावताच येत नाही, आणि कंपोझिशनमध्ये (छोट्या व्यावसायिकांची सोपी कर-योजना) असेल तरी गिऱ्हाइकाकडून घेता येत नाही. तुमच्या कागदावरचे 1,30,284 या एका प्रश्नावर उभे आहेत.

तुमना ठेकेदार वाईट शे आसं मी म्हनत नही, पन कागद पक्का पाहिजे.

धागा काढणारी

सगळ्यांचे आभार. भाऊबीजेला गेले तेव्हा विषय काढला. वडिलांना बाजूला न सारता, त्यांच्याच तोंडून विचारायला लावलं: "पोरीला बँकेला दाखवायचंय, जरा फोडून लिही." ठेकेदार काका बिलकुल रागावले नाहीत. माप एकत्र घेतलं, गिलावा 1,780 आला, छत वेगळं लिहिलं. टाइल 620. जीएसटी नंबर नाही म्हणाले, ती ओळ खोडली. गच्चीवर जुना कोबा आहे आणि तो काढावाच लागेल, म्हणून तिथे मात्र 24 हजार वाढले, मलब्यासकट. ते मला पटलं.

अडलंय फक्त स्लॅबवर. म्हणतात, ठोकून बघितल्याशिवाय किती फूट निघेल सांगता येत नाही, म्हणून लमसमच राहू द्या.

प्रतिसाद (सिव्हिल इंजिनीअर, धुळे)

त्यांचं म्हणणं खरं आहे, आधी कोणालाच सांगता येत नाही. पण म्हणून लमसम कशाला? फुटाचा दर ठरवा, वर तुमच्या भुसावळकरांनी सांगितलेल्या सगळ्या पायऱ्या त्या दरात लिहा. ठोकल्यावर पोकळ भाग खडूने आखायचा, दोघांनी मोजायचा, फोटो काढायचा, तेवढ्याचे पैसे. कमी निघाला तर तुमचे वाचले, जास्त निघाला तर त्यांचं नुकसान नाही. आखल्यावर अर्ध्याहून जास्त छत पोकळ निघालं तर काम थांबवून एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा, मग ते ठेकेदाराच्या हातातलं काम राहत नाही.

निम्मे पैसे आधी देऊ नका. सामान आणण्यापुरते 10-15 टक्के, पुढचे टप्प्याटप्प्याने, आणि गच्चीच्या रकमेतले थोडे पुढचा पावसाळा जाईपर्यंत मागे ठेवा. हे वडिलांनीच बोलावं, त्यांचं ते ऐकतील.