अनुभव धागा: 'हवामानबदल माणसामुळे नाहीच!' या वादात कोणता मुद्दा टिकतो, कोणता फसतो?

मापदंड (धागाकर्ता)

दर उन्हाळ्यात सोसायटीच्या ग्रुपवर तोच सामना रंगतो. एक जण म्हणतो 'हवामान काय, कायमच बदलत आलंय', दुसरा बर्फावरच्या अस्वलाचा फोटो टाकतो, आणि मग राजकारण सुरू. इथे निरीक्षणं, उपकरणं, विदा (डेटा) आणि अध्यापन या क्षेत्रांतले बरेच सदस्य आहेत. नेहमी कानावर येणारा एखादा आक्षेप घ्या आणि तो कशानं सुटतो ते आकड्यांसकट लिहा. 'मी त्याला कसं गप्प केलं' छापाचे किस्से नकोत. आपल्याच बाजूचा मुद्दा कच्चा असेल तर तोही सांगा.

हिशेबनीस

आक्षेप: 'निसर्ग माणसाच्या कितीतरी पट कार्बन सोडतो, मग खापर आपल्यावर का?'

पहिला अर्धा भाग खरा आहे, म्हणून तर तो पटतो. झाडं, माती आणि समुद्र मिळून वर्षाला आपल्या धुराड्यांच्या वीसेक पट कार्बन सोडतात. पण तेवढाच, किंबहुना थोडा जास्तच, परतही घेतात. हे कागदावर मांडून दाखवता येतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड एक पीपीएमनं (दहा लाख भागांत एक भाग) वाढायला सुमारे 7.8 अब्ज टन लागतो. कोळसा, तेल, वायू आणि सिमेंट मिळून वर्षाला 37 अब्ज टनांच्या आसपास सोडतात. भागाकार केला की 4.7 पीपीएम. प्रत्यक्षात वाढ दिसते साधारण अडीच. म्हणजे निम्म्याच्या आसपास वायू समुद्र आणि जंगलं गिळतायत. वाढ निसर्गाकडून येत असती तर आकडा 4.7 च्या वर गेला असता. जंगलतोडीचा वाटा यात धरलेलाच नाही. तो धरला तर फरक आणखी वाढतो.

'ज्वालामुखींचं काय?' सगळे मिळून वर्षाला अर्धा अब्ज टनसुद्धा नाहीत.

यावर हमखास पुढचा प्रश्न येतो: 'मोजणी केंद्रच हवाईतल्या ज्वालामुखीवर आहे ना?' हो, मौना लोआवर, सुमारे 3,400 मीटर उंचीवर. रात्री उतारावरून खाली येणारा वारा कधीकधी विवराजवळचा वायू आणतो. तेव्हा आकडे तासाभरात वरखाली उड्या मारतात, ते ओळखू येतात आणि ते तास वगळले जातात. शिवाय दक्षिण ध्रुवावरचा आलेख तीच चढण दाखवतो. मार्च 1958 मध्ये मोजणी सुरू झाली तेव्हा आकडा 315 च्या आसपास होता, 2024 ची सरासरी 424 च्या पुढे आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी तो 280 होता.

समस्थानिक

हिशेबनीस यांनी बेरीज-वजाबाकी मांडली, मी वायूची 'जात' कशी ओळखतात ते लिहितो. इथे आपली माणसंही घाईत अर्धवट बोलतात.

कार्बनचे कमी-अधिक वजनाचे प्रकार असतात, त्यांना समस्थानिक म्हणतात. वनस्पती हलका कार्बन-12 जास्त आणि कार्बन-13 कमी उचलतात. कोळसा आणि तेल मूळचे वनस्पती-शेवाळांचेच, त्यामुळे ते जाळले की हवेतल्या कार्बन-13 चं प्रमाण घसरतं. ते घसरतंय. पण एवढ्यावर थांबलात तर समोरचा विचारील, 'जंगल जळालं तरी तेच होईल की!' बरोबर आहे त्याचं. म्हणून दुसरी खूण लागते, कार्बन-14. त्याचं अर्धायुष्य (निम्मा उरायला लागणारा काळ) 5,730 वर्षं. कोट्यवधी वर्षं पुरलेल्या कोळशात तो उरतच नाही, जिवंत जंगलात असतो. ज्वालामुखीच्या वायूतही कार्बन-14 नसतो, पण तिथे कार्बन-13 वनस्पतींइतका कमी नसतो. दोन्ही खुणा एकदम जुळतात त्या फक्त जीवाश्म इंधनाशी.

एक खड्डा: 1950-60 च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी हवेतला कार्बन-14 जवळपास दुप्पट झाला. म्हणून इंधनाच्या धुरानं झालेली कार्बन-14 ची घट दाखवायची तर 1950 च्या आधीची झाडांच्या खोडातली वर्तुळं घ्यायची. रसायनशास्त्रज्ञ हान्स स्यूस यांनी हा परिणाम त्यावरूनच दाखवला. चाचण्यांनंतरचा आलेख कुणी नाचवला तर त्यातली उतरण बरीचशी बॉम्बचा कार्बन समुद्रात आणि झाडांत मुरण्याची असते.

तिसरी खूण ऑक्सिजनची. जाळायला तो खर्च होतो, ज्वालामुखीला लागत नाही. हवेतला ऑक्सिजन वर्षाला साधारण 4 पीपीएमनं कमी होतोय. घाबरू नका, हवेत तो 2 लाख 9 हजार पीपीएम आहे. 'श्वास कोंडणार' असे मेसेज कृपा करून फिरवू नका.

झडपांची पेटी

आक्षेप: 'जुने आकडे बदलून तापमानवाढ तयार केली.'

आकडे दुरुस्त केले जातात, हे सरळ कबूल करा. का करतात ते सांगा.

कमाल तापमापीत फुग्यापाशी नळीचा गळा अरुंद असतो. पारा वर चढतो पण आपसूक उतरत नाही. वाचून झालं की झटकून उतरवावा लागतो. आता समजा निरीक्षक रोज संध्याकाळी 5 ला वाचतो. सोमवारी 41 होते. वाचून झटकलं, पण तापमापी ठेवलेल्या झडपांच्या पेटीत त्या क्षणी 40 आहेच. मंगळवारी ढग आले, दिवसभर 35 च्या वर गेलं नाही. तरी मंगळवारच्या रकान्यात 40 लागणार! एक तापलेला दिवस दोनदा मोजला. सकाळी वाचलं तर उलट, थंड पहाट किमान तापमानात दोनदा येते. अमेरिकेतले तापमान नोंदवणारे स्वयंसेवक काही दशकांत संध्याकाळवरून सकाळवर आले, त्यामुळे तिथल्या नोंदींत खोटी थंडी शिरली. ती काढली की वाढ जास्त दिसते आणि ओरड होते. आपल्याकडे सकाळी साडेआठची वेळ ठरलेली असल्यानं हा घोळ त्या प्रमाणात नाही.

समुद्रावर उलटी गोष्ट. पूर्वी जहाजावरून कॅनव्हासच्या बादलीनं पाणी काढत. बादली झिरपते, वारा लागतो, बाष्पीभवनानं पाणी गार होतं आणि तापमापी कमी दाखवते. ही चूक सुधारली की जुने आकडे *वर* जातात, म्हणजे शतकभराची वाढ *कमी* होते. पृथ्वीचा सत्तर टक्के पृष्ठभाग समुद्र, त्यामुळे सगळ्या दुरुस्त्यांची गोळाबेरीज जागतिक वाढ घटवणारीच आहे. हे सांगितलं की समोरचा जरा थांबतो.

शहरांच्या उष्णतेबद्दल: शंका रास्त आहे. म्हणूनच भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड मुलर यांनी बर्कलीत वेगळा गट काढून सुमारे 36 हजार केंद्रांची विदा नव्यानं तपासली. ते स्वतः साशंक होते, आणि थोडा पैसा अमेरिकेतल्या तेल उद्योजक कोक कुटुंबाशी संबंधित प्रतिष्ठानाचाही होता. 2012 मध्ये त्यांनी जमिनीवरची वाढ 250 वर्षांत दीड अंश आणि कारण जवळजवळ पूर्ण मानवी असं जाहीर केलं.

आणि मुंबईकरांनो, एका केंद्रावरून भांडू नका. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिमी पाऊस पडला, कुलाब्याला 74 च्या आसपास.

सौरडाग

'सूर्यच तापलाय.' उपग्रह 1978 पासून सूर्याची ऊर्जा मोजतायत. 11 वर्षांच्या चक्रात ती साधारण 0.1 टक्का वरखाली होते, चढता कल नाही. दुसरा पुरावा वातावरणाच्या वरच्या थरात. सूर्य कारण असता तर स्थितांबरही (आपल्या हवेच्या थरावरचा थर) तापलं असतं. ते थंड होतंय, आणि हवामानशास्त्रज्ञ मानाबे व वेदरल्ड यांच्या 1967 च्या गणितात कार्बन डायऑक्साइड वाढल्यावर नेमकं हेच येतं. फक्त खालच्या स्थितांबराचा आलेख देऊ नका. तिथे ओझोन घटल्याचाही हात आहे. वरचा भाग द्या.

गाभा

'अंटार्क्टिकाच्या बर्फातल्या जुन्या नोंदींत आधी तापमान वाढतं, मग कार्बन.' हिमयुग संपताना सुरुवात पृथ्वीच्या कक्षेतल्या फेरफारानं होते, समुद्र तापून वायू सोडतो आणि तो वायू तापमान आणखी वाढवतो. तेव्हा वायू समुद्रातून आला, आज समुद्र तो शोषतोय. तापमान आणि कार्बन यांत अंतर किती शतकांचं यात फार शिरू नका. बर्फातले बुडबुडे भोवतालच्या बर्फापेक्षा वयानं लहान असतात, कारण हिम दबून छिद्रं बंद व्हायला शतकं जातात. त्यामुळे ते अंतर काढणंच नाजूक काम आहे.

खडे बोल

आता आपली बाजू.

2035 पर्यंत हिमालयातल्या हिमनद्या संपतील, हे वाक्य आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या) 2007 च्या अहवालात दुसऱ्या कार्यगटाच्या खंडात होतं. धड पुरावा नव्हता. नोव्हेंबर 2009 मध्ये भूशास्त्रज्ञ व्ही. के. रैना यांचा चर्चालेख आला, आणि जानेवारी 2010 मध्ये आयपीसीसीनं चूक मान्य केली. लपवू नका. हिमनद्या आटतायत, पण त्या तारखेला नव्हे.

'97 टक्के शास्त्रज्ञ मानवी कारण मानतात': हा आकडा जिथून आला त्या 2013 च्या अभ्यासात 11,944 शोधनिबंधांचे सारांश होते. त्यातल्या दोन तृतीयांशांनी कारणाबद्दल भूमिकाच घेतली नव्हती. 97 टक्के हे भूमिका घेणाऱ्यांपैकी. तसंच सांगा. मला विचाराल तर हा आकडा वापरूच नये, समस्थानिक यांच्या तीन खुणा जास्त वजनदार आहेत.

आणि प्रत्येक पूर 'क्लायमेट चेंज' नसतो. 2015 च्या चेन्नई पुराच्या अभ्यासात मानवी तापमानवाढीचा ठसा स्पष्ट सापडला नाही. 2022 च्या मार्च-एप्रिलमधल्या भारत-पाकिस्तानातल्या उष्णतेच्या लाटेची शक्यता मात्र सुमारे 30 पट वाढल्याचं निघालं. दोन्ही निकाल एकाच तऱ्हेच्या पद्धतीनं: आजचं हवामान आणि माणसानं तापवलं नसतं तर असलेलं हवामान, दोन्हींत तशी घटना किती वेळा येते ते मोजायचं.

मापदंड

सगळ्यांचे आभार. एक उरतोच: 'भारत जगाच्या मानानं कमी का तापला?'

झडपांची पेटी

1901 ते 2018 मध्ये भारतात वाढ सुमारे 0.7 अंश, हे पृथ्वीविज्ञान मंत्रालयाच्या 2020 च्या अहवालात आहे. मोठं कारण धूर-धुळीचे कण. ते ऊन परतवतात. सिंचनाचं बाष्पीभवनही गारवा देतं. कण आठवड्या-दोन आठवड्यांत पावसानं धुतले जातात, वायू शतकानुशतकं टिकतो. म्हणून उत्तरेतली हवा स्वच्छ झाली की तिथली वाढ उघडी पडेल. 'मग प्रदूषण चांगलंच की' असं कुणीतरी म्हणणारच. त्याला दिल्लीचा नोव्हेंबर आठवून द्या.